घोड्याचे शुद्धिहरण व श्वसनव्यवस्था

शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या घोड्याचा श्वसनमार्ग मोकळा राखणे आणि त्याच्या फुप्फुसांत हवा किंवा ऑक्सिजन पुरेशा प्रमाणात खेळता ठेवणे, यासाठी वेळोवेळी योजिलेल्या उपायांचा इतिहास या नोंदीत दिला आहे. ईथर व क्लोरोफॉर्म यांच्या शोधांमुळे वेदना नाहीशी करण्याचा मार्ग १८४६-४७ मध्ये सापडला. आडवा पडलेला घोडा श्वास कसा घेईल, हा प्रश्न मात्र त्यानंतर शंभर वर्षे नीट मांडलाही गेला नव्हता. तो आजही पुरतेपणी सुटलेला नाही. निरोगी घोड्याला केवळ शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यात जो धोका असतो, तो माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक आहे व त्याचे मूळ बऱ्याच अंशी घोड्याच्या शरीररचनेत आहे.

घोडा केवळ नाकाने श्वास घेऊ शकतो. त्याचा मृदुतालू बराच लांब असून स्वरयंत्रावरील झाकण (अधिस्वरद्वार) त्याच्या वर, नाकाच्या बाजूस टेकलेले असते. त्यामुळे तोंडाची पोकळी श्वसनमार्गापासून जणू कुलूपबंद होते. दमलेला कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो, तसे घोड्याला करता येत नाही. नाकपुड्या बंद झाल्या की घोडा गुदमरतो. याच रचनेमुळे व जठराच्या तोंडाशी असलेल्या बळकट स्नायूंमुळे घोड्याला ओकारीही होत नाही. निसर्गतः ही रचना पळणाऱ्या प्राण्याला सोयीची आहे. मान लांब करून चौखूर धावणाऱ्या शर्यतीच्या घोड्याच्या फुप्फुसांतून मिनिटाला दीड हजार लिटरांहून अधिक हवा ये-जा करते व त्याचा प्रत्येक श्वास टापांच्या तालाशी जुळलेला असतो. उभा असलेला घोडा विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो आणि दर श्वासाला सु. ५ ते ७ लि. हवा आत घेतो.

हा साडेचारशे-पाचशे किग्रॅ. वजनाचा प्राणी कुशीवर किंवा पाठीवर निजविला की चित्र पालटते. घोड्याचे मध्यपटल तिरपे असते. त्याच्या मागे शंभर लिटरांहून अधिक धारणक्षमता असलेले मोठे आतडे असते. घोडा उताणा झाला की हे सर्व ओझे मध्यपटलावर लोटते व मध्यपटलाखालची फुप्फुसे दडपतात. कुशीवर निजविल्यास खालच्या बाजूचे फुप्फुस हृदयाच्या व आतड्यांच्या भाराखाली येते. उभ्या घोड्यास ही अडचण नसते आणि निरोगी घोडा आपण होऊन असा फार काळ पडूनही राहत नाही. शुद्धिहारक द्रव्यांमुळे श्वसनाचे स्नायू व मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते, ती गोष्ट निराळीच. म्हणजे घोड्याच्या बाबतीत गुदमरण्याची दोन कारणे एकाच वेळी उपस्थित होतात : औषध आणि स्वतःचे वजन.

कृत्रिम श्वसनाने घोड्याच्या जातीतील प्राणी जगविता येतो, हे शुद्धिहारकांचा शोध लागण्यापूर्वीच सिद्ध झाले होते. दक्षिण अमेरिकेतील गियाना प्रदेशातून वुराली (क्युरारी) हे बाणांना लावण्याचे विष चार्ल्‌स वॉटर्टन (१७८२—१८६५) या इंग्रज प्रवाशाने इंग्लंडात आणले. या विषाने स्नायू लुळे पडतात व श्वास थांबून प्राणी मरतो. १८१४ मध्ये लंडनमध्ये एका गाढवीच्या खांद्यात ते टोचण्यात आले. दहा मिनिटांत ती मेल्यासारखी निपचित पडली. तेव्हा तिच्या श्वासनालाला छेद देऊन त्यातून भात्याने फुप्फुसांत हवा भरण्यास सुरुवात झाली. दोन तासांनी तिने मान वर केली. भाता थांबविताच ती पुन्हा कोसळली. मग आणखी दोन तास भाता चालविण्यात आला आणि अखेर ती उठून चालू लागली. तिला वुरालिया असे नाव मिळाले व वॉटर्टन यांच्या वॉल्टन हॉल येथील जागेत ती १८३९ पर्यंत जगली. या प्रयोगातून दोन निष्कर्ष निघत होते. एक, श्वास चालू ठेवला तर विष उतरेपर्यंत प्राण टिकतो. दुसरा, भात्यासारख्या साध्या साधनानेही हे जमते. माणसाच्या शस्त्रक्रियेत क्युरारीचा उपयोग १९४२ मध्ये सुरू झाला, हे पाहिले म्हणजे या गाढवीकडून शिकण्यास वैद्यकाने किती काळ घेतला ते ध्यानात येते.

मुंबई हे घोड्यांचे शहर होते आणि येथील पशुवैद्यकाची उभारणीही बव्हंशी घोड्यांच्या निमित्ताने झाली. इराणी आखाताच्या बंदरांतून येणाऱ्या अरबी घोड्यांची मुंबई ही मोठी बाजारपेठ होती. भायखळ्याच्या बाजूस त्यांचे तबेले होते. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी या मार्गावर घोड्यांची ट्रॅम सुरू झाली. ती चालविणाऱ्या कंपनीचे ठाणे कुलाबा कॉजवेच्या पश्चिमेस, पुढे जेथे इलेक्ट्रिक हाऊस उभे राहिले तेथे होते व सेवा सुरू झाली तेव्हा कंपनीच्या पदरी ९०० घोडे होते. भरावाच्या जमिनीवर वसलेल्या आजच्या कफ परेड मच्छीमार नगरापासून हे ठिकाण चालत जाण्याइतके जवळ आहे. विजेची ट्रॅम १९०७ मध्ये आली. तोवर आणि त्यानंतरही व्हिक्टोरिया गाड्या, मालाच्या गाड्या, पोलीस व लष्कर या सर्वांना घोडे लागत. शर्यती भायखळ्याहून महालक्ष्मीच्या मैदानावर १८८३ मध्ये हलविण्यात आल्या.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झाली. तिच्या प्रयत्नांतून व सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले. त्याला लागूनच १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे लष्करातून आलेले पशुवैद्य त्याचे पहिले प्राचार्य होते. लाहोरचे महाविद्यालय सोडल्यास हिंदुस्थानातील ही सर्वांत जुनी पशुवैद्यक शिक्षणसंस्था होय. त्यापूर्वी या भागात घोड्यांची चिकित्सा सलोत्री म्हणविणारे परंपरागत वैद्य करीत. शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्यकाच्या नावावरून ही संज्ञा रूढ झाली. पुण्यात १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली होती. परंतु नागरी जनतेसाठी असे शिक्षण परळलाच प्रथम मिळू लागले.

त्या काळी घोड्यावर शस्त्रक्रिया करावयाची म्हणजे प्रथम त्याला पाडावे लागे. चारही पायांना चामडी पट्टे व दोर बांधून, पेंढ्याच्या किंवा वाळूच्या बिछान्यावर त्याला खाली आणीत. वरच्या ओठाला पिळा देऊन एक माणूस डोके धरून बसे. किरकोळ शस्त्रक्रिया भुलीवाचूनच उरकत. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी क्लोरोफॉर्म वापरीत. त्याकरिता चंदी खाऊ घालण्याच्या तोबऱ्यासारखी चामड्याची किंवा जाड कापडाची थैली नाकतोंडावर चढवीत व तीत स्पंजावर औषध ओतीत. घोडा नाकानेच श्वास घेत असल्याने औषध फुप्फुसांत हमखास पोहोचे. परंतु त्याच थैलीमुळे ताज्या हवेचा पुरवठाही कमी होई. सुरुवातीच्या धडपडीत घोडा श्वास रोखून धरी व नंतर एकदम खोल श्वास घेई. त्या एका श्वासासरशी क्लोरोफॉर्मची घातक मात्रा आत जाण्याची भीती असे. मान वाकडी राहिली, नाकपुडी बिछान्यात दबली किंवा दोर छातीवर आवळला गेला, तरी श्वास अडे. जाणत्या पशुवैद्याचा एक मदतनीस केवळ नाकपुडीपुढे हात धरून बसलेला असे. त्या काळचे श्वसनमापक साधन म्हणावयाचे तर ते हेच.

क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा वाद त्याच सुमारास जोरात होता आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय मराठवाडा ज्या राज्यात मोडत होता त्या निजामाच्या हैदराबादेत लिहिला गेला. तेथील शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने व निजामाच्या खर्चाने १८८८ व १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमण्यात आले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाचारण करण्यात आले होते. चारशेहून अधिक कुत्र्यांवर आणि घोडे, माकडे, शेळ्या इ. प्राण्यांवर प्रयोग होऊन असा निर्वाळा देण्यात आला की, क्लोरोफॉर्मने प्रथम श्वास बंद पडतो व नंतर हृदय. यास्तव भूल देणाऱ्याने नाडीकडे नव्हे तर श्वासाकडे लक्ष द्यावे. हा निष्कर्ष अर्धाच खरा ठरला. हलक्या भुलीत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडून एकाएकी मृत्यू येऊ शकतो, हे ए. जी. लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. तथापि श्वासावर अखंड नजर ठेवण्याचा जो उपदेश आयोगाने केला, तो घोड्यांच्या बाबतीत तरी वाया गेला नाही.

श्वसनमार्गाशी संबंधित अशी एक शस्त्रक्रिया मात्र घोड्यांत फार पूर्वीपासून चालत आली आहे. स्वरयंत्राच्या डाव्या बाजूची हालचाल करणारी तंत्रिका घोड्यात विलक्षण लांब असते. ती मानेतून छातीत उतरून महारोहिणीला वळसा घालून पुन्हा वर येते. तिचा ऱ्हास झाला की स्वरयंत्राचा डावा भाग लुळा पडतो व धावताना श्वास आत घेतेवेळी घोगरा आवाज येऊ लागतो. असा घोडा शर्यतीला निरुपयोगी होतो व जड गाडी ओढतानाही धापा टाकतो. यावरचा जुना उपाय म्हणजे मानेत श्वासनालाला छेद देऊन धातूची नळी बसविणे (श्वासनालछेदन). नळी लावलेले घोडे वर्षानुवर्षे कामाला जुंपलेले असत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील डब्ल्यू. एल्‌. विल्यम्स यांनी स्वरयंत्राच्या बाजूची पिशवी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया बसविली व इंग्लंडात फ्रेडरिक हॉबडे यांनी तिचा प्रसार केला. १९७० मध्ये डी. मार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी लुळा भाग दोऱ्याने मागे बांधून टाकण्याची पद्धत प्रसिद्ध केली. श्वासनालछेदनामुळे एक गोष्ट पशुवैद्यांच्या नित्य अनुभवाची झाली होती : घोड्याच्या श्वासनालात नळी राहू शकते व तो तीतून खुशाल श्वास घेतो. तरीही शुद्धिहरणासाठी तोंडावाटे नळी घालण्याची कल्पना रुजण्यास फार उशीर लागला. माणसाच्या शुद्धिहरणात ओकारी श्वासनालात जाण्याची धास्ती मोठी असते व तिच्यापायी नळीचा अवलंब झपाट्याने झाला. घोड्याला ओकारीच होत नसल्याने तेवढी निकड कोणाला भासली नसावी.

दरम्यान क्लोरोफॉर्मची जागा क्लोरल हायड्रेटाने घेतली होती. लीब्राइख यांनी १८६९ मध्ये त्याचा निद्राकारक गुण शोधला व १८७५ मध्ये हंबर्ट यांनी ते घोड्याच्या नीलेतून दिले. स्वस्त, सहज मिळणारे व यंत्राची गरज नसलेले हे औषध हिंदुस्थानातील पशुवैद्यांना अतिशय सोयीचे वाटले आणि कित्येक दशके ते मोठ्या जनावरांसाठी प्रमुख शुद्धिहारक होते. त्याचे दोषही तितकेच ठळक होते. सुई नीलेबाहेर सरकली तर मानेचे मांस कुजून गळून पडे. खोल भुलीसाठी लागणारी मात्रा श्वसनकेंद्राला दडपणाऱ्या मात्रेच्या फार जवळ असे. घोडा शुद्धीवर येण्यास तासन्‌तास लागत व तेवढा वेळ तो आडवाच राही. शस्त्रक्रिया यशस्वी होऊन दुसऱ्या दिवशी घोडा दगावला, तर त्याचे खापर जखमेवर किंवा नशिबावर फोडले जाई.

माणसाच्या शुद्धिहरणात १९२० नंतरच्या दशकात एक साधी पण दूरगामी सुधारणा झाली. अमेरिकेतील आर्थर गेडेल व राल्फ वॉटर्स यांनी श्वासनालात घालावयाच्या नळीभोवती फुगविता येणारी रबरी पिशवी बसविली. पिशवी फुगली की नळी व श्वासनाल यांमधील फट बुजते. मग आतली हवा बाहेर नाही व बाहेरचे काही आत नाही. ही गोष्ट पटविण्यासाठी गेडेल यांनी आपल्या कुत्र्याला भूल देऊन, नळी लावून, पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले. शुद्धीवर आल्यावर कुत्रा अंग झाडून निघून गेला. घोड्यांसाठी या नळीचा खरा उपयोग हॅलोथेन आल्यावर झाला. सी. डब्ल्यू. सक्लिंग यांनी १९५१ मध्ये बनविलेल्या या द्रव्याचे प्राण्यांवरील गुणधर्म जे. राव्हेंटोस यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले व पुढच्याच वर्षी केंब्रिजचे पशुवैद्य एल्‌. डब्ल्यू. हॉल यांनी पशुवैद्यकातील त्याच्या उपयोगाची माहिती दिली. हॅलोथेन महाग असल्याने ते हवेत सोडून देणे परवडत नव्हते. म्हणून श्वासाबाहेर पडलेली हवा सोडा लाइममधून नेऊन, तिच्यातील कार्बन डाय-ऑक्साइड काढून, तीच पुन्हा वापरणारा बंद परिपथ घोड्याच्या मापाचा करावा लागला. माणसाच्या यंत्रावरील पिशवी दोन-तीन लिटरांची असते. घोड्याच्या यंत्राला १५ ते ३० लि. मापाची पिशवी व हाताच्या मनगटाएवढ्या जाड नळ्या लागतात. फट ठेवून हा परिपथ चालत नाही. अशा रीतीने महाग औषध वाचविण्याच्या गरजेतून घोड्याच्या श्वासनालात नळी आली आणि तिच्यामागोमाग श्वास हाती घेण्याची सोय झाली.

ही नळी घालण्याची रीत चमत्कारिक आहे. माणसात स्वरयंत्र प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्यांनी पाहून नळी घालतात. घोड्याचे तोंड लांब व अरुंद असून फारसे उघडत नाही; त्यामुळे स्वरयंत्र दिसत नाही व नळी अंदाजाने घालावी लागते. घोडा शुद्धीवर असतानाच त्याचे तोंड पाण्याने धुऊन काढतात. गालफडात राहिलेला गवताचा बोळा नळीबरोबर श्वासनालात ढकलला जाऊ नये हा त्यातील हेतू. भूल चढल्यावर पुढच्या दातांमध्ये ठोकळा बसवून जीभ बाजूला ओढतात आणि डोके व मान शक्य तितकी सरळ ताणतात. डोके ताणल्याने तोंड, घसा व श्वासनाल जवळजवळ एका रेषेत येतात. सु. २४ ते ३० मिमी. आतील व्यासाची, बाहेरून वंगण लावलेली नळी जिभेवरून मध्यरेषेने आत सरकवितात. तिचे टोक मृदुतालूला वर उचलते व त्यामुळे तेथे अडकलेले अधिस्वरद्वार सुटते. घोडा श्वास आत घेतो त्या क्षणी स्वरयंत्र उघडते व नळी आत जाते. अडथळा जाणवल्यास जोर न लावता नळी थोडी मागे घेऊन, पाव वळसा फिरवून पुन्हा प्रयत्न करतात. अन्ननलिकेत गेलेली नळी मानेच्या डाव्या बाजूस हाताला वेगळी लागते. श्वासनालात गेलेल्या नळीतून श्वासाबरोबर हवेचा झोत येतो. सरावलेल्या हाताला हे काम काही सेकंदांचे असते. तोंडावरील शस्त्रक्रियेत किंवा शिंगरांत नाकपुडीतूनही थोडी बारीक नळी घालता येते.

नळी बसली की श्वसनमार्गाचा प्रश्न मिटतो. वायुविजनाचा सुरू होतो. हॅलोथेन, पुढे आयसोफ्ल्युरेन किंवा सेव्होफ्ल्युरेन यांच्या अंमलाखालील घोडा आपण होऊन श्वास घेत राहिला, तर त्याचे श्वास मिनिटाला चार-सहापर्यंत उतरतात आणि रोहिणीरक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब सर्वसाधारण ४० मिमी. पाऱ्यावरून ६० किंवा त्याहूनही वर चढतो. यावर कृत्रिम श्वसनयंत्र हा उपाय आहे. घोड्यांची यंत्रे तत्त्वतः वॉटर्टनच्या भात्याचीच थोरली भावंडे होत : पारदर्शक पेटीत मोठा भाता, त्याला दाबणारा वायूचा झोत आणि वेळ मोजणारी यंत्रणा. अलीकडे भात्याऐवजी संगणकाने चालणारा दट्ट्या असलेली यंत्रेही निघाली आहेत. दर किग्रॅ. वजनामागे १० ते १५ मिलि. या हिशेबाने मिनिटाला ६ ते १० श्वास दिले, की कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब ताळ्यावर येतो.

त्या यशाने सर्व काही साधले, असे प्रथम वाटले होते. परंतु ऑक्सिजनने ते खोटे ठरविले. जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन घेणाऱ्या प्राण्याच्या रोहिणीरक्तात ऑक्सिजनचा दाब ५०० मिमी. पाऱ्याच्या आसपास असावयास हवा. हॉल, गिलेस्पी व टायलर यांनी १९६८ मध्ये भूल दिलेल्या घोड्यांत वायुकोशातील व रोहिणीरक्तातील ऑक्सिजनच्या दाबांत मोठी तफावत असल्याचे दाखविले. उताण्या घोड्यात तर हा दाब पुष्कळदा शंभराच्याही खाली जातो. यंत्राने श्वास दिला तरी ही तूट बऱ्याचदा भरून निघत नाही. कारण असे की, दडपलेल्या खालच्या भागातील वायुकोश मिटून जातात. यंत्राने ढकललेली हवा वाट मोकळी असलेल्या वरच्या भागातच शिरते. रक्त मात्र गुरुत्वाकर्षणाने खालच्या मिटलेल्या भागातून वाहते व ऑक्सिजन न घेताच हृदयाकडे परतते. हवा एकीकडे व रक्त दुसरीकडे अशी ही फारकत असते. गोरेल नीमन व त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास तट्टांच्या छातीची संगणकीय छेदचित्रे घेऊन भूल चढताच फुप्फुसांचे खालचे भाग कसे मिटतात ते प्रत्यक्ष दाखविले. पूर्ण वाढीच्या घोड्याचे धड अशा यंत्रात मावत नाही, म्हणून तट्टे घ्यावी लागली.

उपाय अनेक सुचविले गेले. श्वास सोडतानाही फुप्फुसांत थोडा दाब राखणे, अधूनमधून मोठा दाब देऊन मिटलेले वायुकोश उघडणे, श्वासाबरोबर साल्बुटेमॉल किंवा नायट्रिक ऑक्साइड देणे हे त्यांपैकी काही होत. यांतील दाबाच्या उपायांना एक मर्यादा आहे. छातीतील दाब वाढला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते व रक्तदाब घसरतो. घोड्यात रक्तदाब घसरणे विशेष वाईट. कारण खालच्या बाजूचे जाड स्नायू शरीराच्या भाराने आधीच दबलेले असतात. त्यांत रक्त पोहोचले नाही तर शुद्धीवर आल्यावर ते लाकडासारखे कडक होतात व घोडा उठू शकत नाही. यासाठी माध्य रोहिणीदाब ७० मिमी. पाऱ्याच्या वर ठेवण्याचा प्रयत्न असतो. म्हणून काही तज्ञ कार्बन डाय-ऑक्साइड थोडा वाढू देणेच पत्करतात. त्याने हृदयाला चेतना मिळते असे त्यांचे म्हणणे आहे. इतर तज्ञ पहिल्या मिनिटापासून यंत्र लावावे या मताचे आहेत. शस्त्रक्रिया अर्ध्यावर असताना, फुप्फुसे बरीच मिटल्यावर लावलेले यंत्र फारसे उपयोगी पडत नाही, याबद्दल मात्र बरेचसे एकमत आहे.

शस्त्रक्रिया संपली तरी धोका संपत नाही. तास-दोन तास डोके खाली राहिल्याने नाकातील श्लेष्मल त्वचेला सूज येते. नळी काढताच घोड्याला पुन्हा नाकानेच श्वास घ्यावयाचा असतो आणि नाक तर चोंदलेले. बंद मार्गातून जोराने श्वास ओढण्याच्या प्रयत्नात फुप्फुसांत पाणी भरून काही मिनिटांत घोडा दगावल्याची उदाहरणे आहेत. म्हणून डोके योग्य उंचीवर ठेवणे, नाकात फिनिलएफ्रीन शिंपडणे, नाकपुडीत आखूड नळी बांधून ठेवणे किंवा घोडा उभा राहीपर्यंत श्वासनालातील नळी न काढणे, असे उपाय करतात. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या खोलीत घोड्याला शुद्धीवर येऊ देतात. तेथे धडपडून उठताना पाय मोडणे हे मृत्यूचे आणखी एक प्रमुख कारण आहे.

जॉन्स्टन व सहकाऱ्यांनी अनेक देशांतील ४१,८२४ घोड्यांच्या नोंदी तपासून २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शुद्धिहरणानंतर सात दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण एकूण १.९ टक्के आढळले. पोटशूळाचे रुग्ण वगळता ते ०.९ टक्के, म्हणजे शंभरात जवळजवळ एक होते. २०२१ मधील अशाच नव्या पाहणीच्या प्राथमिक अहवालात एकूण प्रमाण सु. १ टक्का आहे. वीस वर्षांतील सुधारणा खरी, परंतु इतर पाळीव प्राण्यांच्या मानाने हे प्रमाण अजूनही फार मोठे आहे.

ही सर्व सामग्री खर्चिक असून ती साहजिकच शर्यतीच्या व पैदाशीच्या घोड्यांभोवती गोळा झाली. व्हिक्टोरियाच्या घोड्याला तिचा लाभ क्वचितच मिळाला असेल. त्याच्या गाडीवानाची दिवसाची कमाई आणि ऑक्सिजनच्या नळकांड्याची किंमत यांचा मेळ बसण्याजोगा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये शहरातील मौजेच्या घोडागाड्या बेकायदा ठरविल्या व त्यानंतर त्या रस्त्यांवरून हटल्या. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात मात्र घोडे अजूनही माणसे व सामान वाहतात. अशा ठिकाणी शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर ती झाडाखाली, गवतावर करावी लागते. त्यासाठी झायलाझीन व केटामीन ही जोडी उपयोगी पडते. डब्ल्यू. डब्ल्यू. म्युइर व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये घोड्यांसाठी तिचे वर्णन केले. या औषधांच्या अंमलाखाली घोडा पंधरा-वीस मिनिटे निजतो, स्वतःच श्वास घेत राहतो व बहुधा तासाभरात उभा राहतो. ग्वायफेनेसीन मिसळून सलाईनमधून दिल्यास हा काळ तासाभरापर्यंत लांबविता येतो. त्याहून अधिक वेळ लागणार असेल तर ऑक्सिजनशिवाय पुढे जाऊ नये, असा संकेत आहे. नळी व हाताने दाबावयाची झडप जवळ असल्यास उत्तम. नसल्यास मान सरळ ठेवणे, खालची नाकपुडी मोकळी राखणे व पोटावरचा दोर सैल करणे ही जुनीच पथ्ये पाळावी लागतात.

दुसरीकडे, घोड्याला आडवा न पाडताच शस्त्रक्रिया करण्याकडे कल वाढत आहे. डेटोमिडीनासारख्या शामक औषधाची संथ धार नीलेतून चालू ठेवून व जागा बधिर करून आता दात काढणे, नाकालगतच्या पोकळ्या उघडणे, दुर्बिणीने उदरातील बीजांडकोश काढणे, इतकेच नव्हे तर स्वरयंत्राचा लुळा भाग मागे बांधणेही उभ्या घोड्यावर केले जाते. डोके टेकूवर ठेवून, पाय थोडे फाकून उभा असलेला असा घोडा पेंगत असतो. त्याचे आतडे पोटाच्या तळाशी राहते आणि दोन्ही फुप्फुसे मोकळी असतात.